शुक्रवारचं पाणी

त्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून घागर भरली. हौसाचा उजवा गुडघा कामातून गेला होता. म्हणून एका बाजूनं काठ तिनं धरला, दुसऱ्या बाजूनं मी, आणि मोरीपासून मधल्या खोलीपर्यंत तीन ठिकाणी थांबत घागर आणून पाटावर ठेवली. वाटेत तांब्याभर पाणी माझ्या पायजम्यावर सांडलं.

"सांडा," ती म्हणाली. "सत्तरी उलटली, अजून घागर धराय येत न्हाय."

"लेथ धराय येतंय. घागर माझं काम न्हवं."

तिनं घागरीवर पातळ फडकं टाकलं आणि भिंतीवरच्या थर्मामीटरचा पारा बघितला. "सव्वीस," म्हणाली. "पान्याचं उद्या सकाळी बघू. आता बसू द्या त्येला खोलीत."

"बसू दे की. मी काय उठवाय लागलोय व्हय?"

मग भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. जेवून तिनं टीव्हीवर बातम्या लावल्या आणि बातम्या सांगणाऱ्या बाईच्या साडीला नावं ठेवली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. दर शुक्रवारी हेच व्हायचं.

घरात घागर भरून ठेवायचं तसं कारणही नव्हतं. नळ होता, माठ होता. पण हौसानं सत्तावीस वर्षं दर शुक्रवारी हॉस्पिटलातली एक टाकी भरली, आणि रिटायर झाल्यावर शुक्रवार आला की तिचे हात शिवशिवायला लागायचे. म्हणून ही घागर. शनिवारी सकाळी ती त्यात काचेचा पारा बुडवायची, भिंतीवरच्या पाऱ्याशी ताडून बघायची, दोन्ही आकडे जुळले की "झालं बगा" म्हणायची, आणि मग त्याच पाण्याचा चहा. एवढं मोजून-मापून केलेला चहा अख्ख्या कोल्हापुरात कुणी पीत नसेल. साखर मात्र अंदाजे.

हॉस्पिटल कॅन्सरचं. हौसा तिथं आया म्हणून लागली, शिक्षण चौथी. पहिल्यांदा वॉर्डात होती. मग तळघरातल्या एका विभागाला बाई पाहिजे होती, तिथं हिला पाठवलं. दारावर पाटी, 'वैद्यकीय भौतिकशास्त्र'. हौसाला ती वाचायला दोन दिवस लागले. घरी येऊन म्हणाली, "लई अवघड नाव हाय. पन आत माणसं बरी हायत."

माणसं म्हणजे मुख्य एकच, मगदूम सर. जैन माणूस, शिडशिडीत, बोलणं हळू. सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण घ्यायचे नाहीत. हौसा दारातून ओरडायची, "सर, दिवस बुडाय आला, डबा उगडा." सर आकड्यांत बुडालेले असले की ही डबा उघडून त्यांच्या वहीवरच ठेवायची.

शेजारणी विचारायच्या, तू तिथं करतीस काय? हौसा सांगायची, "मोजतो आमी." आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' अशाच बोलतात, पण हिचं 'मोजतो आमी' असं यायचं की ऐकणारीला वाटावं, ही आणि सर भागीदार आहेत.

काय मोजतात ते मला तिनंच सांगितलं, आणि मी कारखान्यात लेथवर लोखंड कातणारा माणूस म्हणून मला लगेच कळलं. कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडायचं मोठं मशीन असतं. किती सोडायचं ते डॉक्टर ठरवतात. पण मशीन जेवढं म्हणतं तेवढंच सोडतं का, हे बघायला वेगळी माणसं लागतात. सरांचं काम ते. नकाशात पंचवीस लिहिलं म्हणून तुकडा पंचवीसचा उतरत नाही, व्हर्निअर लावून मोजायला लागतो. कमी पडलं तर गाठ राहते, जास्त झालं तर माणूस भाजतो. माझा तुकडा बिघडला तर भंगारात जायचा. तिथं भंगार नाही.

रोज सकाळी थोडक्यात मोजायचं, आणि दर शनिवारी नीट, पाण्यात. माणसाच्या अंगात बरंचसं पाणीच असतं, म्हणून माणसाच्या जागी मशीनखाली पाण्याची टाकी ठेवायची. आरपार दिसणारी, चौकोनी, तुळशीवृंदावनाएवढी. सर तिला फॅन्टम म्हणायचे. हौसा म्हणायची पैला पेशंट. शनिवारी खरे पेशंट यायच्या आधी हा पेशंट तपासायचा. पाण्यात पेन्सिलीएवढं एक यंत्र बुडवतात, त्याच्या टोकात चिमूटभर हवा असते. हवा गार असली की आवळते, गरम झाली की पसरते, आणि तेवढ्यानं आकडा हलतो. म्हणून पाणी आदल्या दिवशी संध्याकाळी भरून ठेवायचं. रात्रभरात पाणी, यंत्र, खोली, सगळं एका उबेला येतं. हौसाचं काम एवढंच. शुक्रवारी पाच वाजता टाकी खुणेपर्यंत भरायची.

एवढंच काम आणि ते तिनं पहिल्याच वर्षी चुकवलं. चूक तिची, कारण मी.

शुक्रवारी नवा पिक्चर लागायचा. मला पहिल्या दिवशीचा पिक्चर बघायचा नाद. त्या शुक्रवारी मी दुपारीच हॉस्पिटलच्या दारात सायकल घेऊन उभा. "चल, तिकिटं काढल्यात."

"पानी भराय पायजे."

"सकाळी लवकर जाऊन भर की. पानी ते पानी. आज भरलं काय, उद्या भरलं काय."

आली बिचारी. पिक्चर बघितला, येताना भडंग खाल्लं, लई खुशीत होती.

थंडीचे दिवस. सकाळी सातला तिनं जाऊन नळाखाली टाकी भरली. सर आले, पारा बुडवून बघितला. खोली पंचवीस, पाणी अठरा. हौसाला वाटलं, गार आहे एवढीच अडचण आहे नव्हं? ती धावत वॉर्डाच्या स्वयंपाकघरात गेली, उकळत्या पाण्याच्या दोन किटल्या आणल्या, टाकीत ओतल्या, कोपरापर्यंत हात घालून ढवळलं, आणि पारा बघून म्हणाली, "घ्या सर. पंचवीस."

सर स्टुलावर बसले आणि हसायला लागले. हसणं संपेना. मग चष्मा पुसत म्हणाले, "आक्का, आंघोळीचं पाणी नाही हे. वर गरम, खाली गार, कोपऱ्यात आणखी काही. पाण्याला खोलीची ओळख व्हावी लागते. आणि ओळख घाईनं होत नाही."

"मग आता?"

"आता थांबायचं."

हसणं तिथं संपलं. बाहेर बाकावर पेशंट बसलेले. सर मोजल्याशिवाय एकाला आत घेणार नाहीत. डॉक्टर येऊन बोलून गेले, वरचे साहेब बोलून गेले. सर प्रत्येकाला तेच सांगायचे, पाणी तयार नाही. कुणी भरलं नाही हे एकदाही सांगितलं नाही. बाकावर गडहिंग्लजकडचा एक म्हातारा होता, पहिल्या एसटीनं आलेला. हौसाचं माहेर तिकडचंच. दुपारची गाडी चुकली तर रात्र स्टँडवर. ही त्याला सांगायला गेली, "बाबा, माझ्यामुळं झालं." म्हातारा म्हणाला, "असू दे गं अव्वा. निवांत होऊ दे, पन बराबर होऊ दे."

दुपारी एकला पहिला पेशंट आत गेला. म्हाताऱ्याची गाडी चुकली. हौसानं त्याला आमच्या घरी आणलं, झुणका-भाकरी घातली, आणि सकाळी मी त्याला सायकलवर स्टँडला सोडला. सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली, "पानी ते पानी न्हवं."

त्यानंतर तिच्या नोकरीभर आम्ही एकाही पिक्चरची सुरुवात बघितली नाही. हिरो-हिरॉईनची ओळख कशी झाली, कोण कुणाचा भाऊ, कुणाचा बाप कुणी मारला, काही कळायचं नाही. शेजारच्या खुर्चीवाल्याला विचारायचं. मी थेटराच्या दारात दोन तिकिटं धरून उभा, आणि ही पदरानं हात पुसत येणार.

"काय गं, सवतीला आंगोळ घालून आलीस?"

"घातली. तुमाला घालू का?"

सरांचं ते वाक्य मात्र तिनं उचललं ते उचललंच. शेजारच्या घरात नवी सून आली, दुसऱ्याच दिवशी सासू तिला चुलीपाशी उभी करून ओरडायला लागली. हौसा भिंतीवरून म्हणाली, "ए बाई, पान्याला खोलीची वळख होऊ दे की. किटल्या वतू नगंस." सासूला काही कळलं नाही, पण गप्प बसली. मी रिटायर झालो आणि सहा महिने घरात पिसाळल्यासारखा फिरत होतो, डबे उघड, दारं आपट. पोरगी म्हणाली, बाबांना काय झालंय? हौसा म्हणाली, "पानी गार हाय अजून. बसू दे." बसलो की शेवटी.

पोरीचं लग्न ठरलं, मुलगा इचलकरंजीचा. मुहूर्त निघाला शनिवारचा, म्हणजे हळद शुक्रवारी. मी म्हटलं, "एक डाव दुसऱ्या कुनाला तरी सांग टाकीचं."

"सांगितलंय की," ती म्हणाली.

शुक्रवारी दारात मांडव, पोरगी पाटावर, बायका गाणी म्हणतायत. साडेचार झाले आणि नवरीची आई गायब. जाऊबाई मला शोधत आली, "भावजी, आक्का कुटं गेली?" मला माहीत होतं कुठं गेली. मी म्हटलं, साखर कमी पडली, आणाय गेली.

सहाला आली. पायातली चप्पल बाहेर काढतेय तोवर मी म्हटलं, "पोरीची हळद हाय गं आज."

"म्हाईत हाय. ज्येला सांगितलं त्येला टाकीवरची खूनच गावंना. फोन केला तर म्हनतोय, अंदाजानं भरू का?" हाताला अजून हळद होती. "अंदाजानं म्हनं."

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, पंगती उठल्या, सरांचा पत्ता नाही. हौसा सारखी रस्त्याकडं बघायची. पोरीच्या पाठवणीची वेळ आली, गाडीला नारळ फोडला, मायलेकी गळ्यात पडून रडतायत, आणि सर स्कूटरवरून आले. शर्ट घामानं भिजलेला. सरळ तिच्यापाशी गेले.

"आक्का, सकाळी आकडा चुकला. शंभरला एकशे तीन यायला लागलं."

हौसाचं रडणं जागेवर थांबलं. "पानी काल पाचला भरलंय सर. खुनंवर."

"माहीत आहे. कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणत होता, तुमचं पाणी गार असेल, परत बघा. मी म्हटलं, त्या टाकीवर हळदीची पाच बोटं उमटलीयत. बाई पोरीच्या हळदीतून उठून पाणी भरून गेलीय. पाणी बरोबर आहे, तुमचं मशीन तपासा. मशीन बंद ठेवलं. दुपारी तो आला, उघडलं. मशीनच चुकत होतं."

हौसा हसायला लागली. पोरगी गळ्यात, डोळ्यात पाणी, आणि ही हसतेय. जावयाकडची माणसं बघायला लागली, सासूला येड लागलंय की काय. तिनं तसंच पोरीला गाडीत बसवलं, आणि मागं वळून म्हणाली, "सर, दिवस बुडाय आला. पैला ताटावर बसा."

ती पाच बोटं सरांनी पुसू दिली नाहीत. टाकीच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या कोपऱ्यात. वर्षानुवर्षं फिकट होत गेली. नवा डॉक्टर आला की विचारायचा, हे काय आहे? सर म्हणायचे, सही आहे.

ज्यांच्या डोक्याला, मानेला किरण द्यायचे असतात त्यांना तोंडाचा एक साचा करतात. पांढरी जाळीची फळी असते, ती गरम पाण्यात टाकली की कापडासारखी मऊ होते. मग ती तोंडावर दाबून बसवायची. दोन मिनिटांत आवळते आणि माणसाच्या तोंडाचा आकार धरते, नाक, हनुवटी, सगळं. तो साचा टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं हलत नाही. ते गरम पाणीही हौसाकडंच. ती म्हणायची, ह्या पान्याचा सोबाव तापट, त्या पान्याचा थंड, दोन्ही मीच संबाळतो.

लोक त्या जाळीला भितात. एक उसाचा ट्रक हाकणारा होता, कागलकडचा, दारात मावणार नाही असा गडी. गुटख्यानं घसा गेलेला. जाळी बघितली आणि उठून बाहेर चालायला लागला. डॉक्टरबाई समजावून दमल्या. हौसानं त्याची वाट अडवली.

"पावणं, ऊस भरलेला ट्रक घाटातनं उतरवता, आनि ह्या चाळनीला भिता?"

"आक्का, ट्रकाला बिरेक असतोय."

"हितं बी हाय. हात वर करायचा, सर काचंतनं बगत्यात, मशीन बंद. तुमच्या ट्रकापरास बिरेक चांगला हाय."

तरी ऐकेना. मग तिनं मांडणीवरचा एक साचा काढला. तिच्याच तोंडाचा. नवी माणसं शिकायला आली की सर सराव करायला हौसाला झोपवायचे, त्यातला एक. तो तोंडावर बसवून, आतून ती बोलली, "दिसतोय का मी? जित्ती हाय का मेलो?"

ट्रकवाला बघत राहिला. "आक्का, तू हिच्यात लई बरी दिसतीस."

"मग नवऱ्याला सांगतो, रोज घालून बसतो."

तो गडी आडवा झाला. सगळे दिवस पुरे केले. शेवटच्या दिवशी गुळाची ढेप घेऊन आला, आणि हौसाच्या पायाशी ठेवून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बिरेक एक डाव बी लावला न्हाय बग."

तो साचा रिटायर होताना ती घरी घेऊन आली. कॅलेंडरच्या शेजारी खिळ्याला अडकवला. नातवंडं भ्यायची, मग दोन दिवसांत त्यांनी तो घालून चोर-पोलीस खेळायला सुरू केलं. मी म्हणायचो, घरात एक तोंड पुरे नव्हतं, दुसरं आणलंस. ती म्हणायची, "त्ये बोलत न्हाय, त्येचं तरी ऐका." सर सांगायचे, हा साचा परत गरम पाण्यात टाकला की तोंड जातं, पुन्हा सपाट फळी होते. खिळा मोरीपासून लांब आहे. बरं आहे.

सर तिच्या आधी दोन वर्षं रिटायर होऊन मुलाकडं पुण्याला गेले. जाताना तिला दोन पारे देऊन गेले, एक भिंतीवरचा, एक काचेचा. त्यांच्या जागी स्नेहल मॅडम आल्या, लहान वयाच्या, हुशार. हौसा रिटायर झाली त्या दिवशी हार, श्रीफळ, साडी, भाषणं. माझ्याशेजारी बसून ही हळूच म्हणाली, "आज शुक्रवार हाय. कोन भरतंय बगून येतो." हार गळ्यात घालून तळघरात गेली.

तिच्या जागी रेश्मा आली होती. कागलची, कामाला चांगली, पण सव्वापाचची बस धरायची घाई. हौसाला एकच घोर लागला. घरी येऊन साडी न बदलता म्हणाली, "पोरगी चांगली हाय. पन घाईची हाय. एक दिवस म्हननार, सकाळी भरू. पानी ते पानी." हे म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

मला वाटलं होतं, आता शुक्रवार माझे. पहिल्या शुक्रवारी मी तिकिटं काढली. म्हटलं, आज नावं पडल्यापासून बघू. पावणेपाचला निघालो, रिक्षात बसलो, आणि हिनं मोबाइल काढला.

"रेश्मा, पानी भरलंस?"

"भरतो की आक्का. बस—"

"बस येती दर अर्ध्या तासाला. भर. मी थांबलोय फोनवर."

रिक्षा कडेला थांबवून आम्ही दोघं टाकी भरायचा आवाज ऐकत होतो. रिक्षावाला मागं वळून बघायचा. थेटरात पोचलो तेव्हा हिरोचं लग्न झालेलं होतं.

असा आठ वर्षं, दर शुक्रवारी फोन. रेश्मा पहिल्यांदा वैतागायची. मग सवय झाली. मग हिचा फोन यायच्या आधीच भरून, उचलल्या उचलल्या सांगायची, "भरलं ओ आक्का, खुनंवर." स्नेहल मॅडम एकदा फोनवर म्हणाल्या, "आक्का, तुम्ही आता काळजी सोडा. मी स्वतः बघते."

"बगा की. मी कुटं नगं म्हनतो? तुमी बगा, मी इचारतो."

मी चिडवायचो, "तू न्हाईस तर काय मशीन बंद पडनार हाय?" ती म्हणायची, "मशीन बंद पडलं तर कळतंय. थोडंसं चुकलं तर कळत न्हाय. त्येच तर."

त्या शेवटच्या शुक्रवारीही पाचला फोन झाला होता. रेश्मानं सांगितलं, खुणेच्या वर केसभर आहे. हिनं सांगितलं, केसभर कशाला, काढ, खुनंवर म्हंजे खुनंवर. काढलं. मग आम्ही आमची घागर भरली.

शनिवारी मी सहाला उठलो. रोज ती आधी उठते. कुशीवर झोपलेली, एक हात उशीखाली. मी हाक मारली. मग हात लावला. चाळीस वर्षं लोखंड हाताळलेल्या माणसाला हातानं कळतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, झोपेतच, त्रास झाला नाही. ते मला तोंड बघूनच कळलं होतं. सकाळचा उजेड तिच्या तोंडावर होता आणि वर खिळ्याला अडकवलेल्या जाळीवरही.

थोडा वेळ बसलो. मग उठून घागरीवरचं फडकं काढलं आणि काचेचा पारा बुडवला. 'सकाळी बघू' म्हणाली होती. चष्मा सापडेना, तिचाच लावला. पाणी चोवीस. भिंत चोवीस.

मग तिच्या मोबाइलवरून हॉस्पिटलात लावला. सात वाजले होते, शनिवारी मॅडम सातला येतात.

"आक्का, आज सकाळी कसा फोन?" मॅडम म्हणाल्या.

"आक्का न्हाय. मी बोलतोय. हौसा गेली."

पलीकडं काही पडल्याचा आवाज झाला. मग रेश्माचं रडणं ऐकू यायला लागलं. मॅडम म्हणाल्या, "काका, आम्ही निघतो. आत्ता निघतो."

"निघताय कुटं? मोजलं का?"

"नाही अजून. काका, ते राहू द्या आज, डॉक्टरांशी बोलते मी, पेशंटना थोडं—"

"राहू द्या म्हंजे? आठला लोक येत्यात. एसटीनं येत्यात. पानी काल भरलंय न्हवं? पैला पेशंट आदी घ्या. मग या. ती आता कुटं जात न्हाय."

मॅडम म्हणाल्या, "बरं काका."

मी शेजाऱ्यांना हाक मारली नाही. पोरीला फोन केला नाही. दार लावलेलं तसंच ठेवलं. गल्लीत दूधवाला येऊन गेला, शेजारच्या सासू-सुना नळावर कशावरून तरी हसत होत्या. मी तिच्या उशाशी बसून राहिलो. तेवढा अर्धा तास आम्ही दोघंच होतो.

साडेसातला फोन वाजला.

"काका, झालं. आकडा बरोबर आला."

"कितीवर?"

"शंभरला शंभर."

मी तिला सांगितलं. मग दार उघडलं.